युजरनेम टाका म्हणजे नक्की काय टाका?

पावसाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी सकाळी शेजारच्या काकू हातात फोन घेऊन आल्या. आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. इमारत जुनी आहे, मजल्यावरची दारं दिवसभर उघडी असतात. त्यामुळे काकू जेव्हा बेल वाजवून येतात, तेव्हा काहीतरी खरंच अडलेलं असतं.

"अगं, ह्या ग्रंथालयाच्या साइटला माझं नाव सांगून सांगून दमले. मराठीत लिहिलं, इंग्रजीत लिहिलं, आडनावासकट लिहिलं. नाहीच म्हणतंय."

स्क्रीनवर दोन चौकोन होते. वरच्यात युजरनेम, खालच्यात पासवर्ड. पासवर्ड काकूंच्या डायरीत नीट लिहिलेला होता. युजरनेम कुठेच नव्हतं. बरीच शोधाशोध केल्यावर ते वर्गणीच्या पावतीमागे सापडलं. काउंटरवरच्या मुलाने नोंदणीच्या दिवशी पेनाने लिहून दिलेलं: काकूंचं नाव, आडनाव आणि शेवटी ३, सगळं एकत्र जोडून. त्याच नावाच्या आणखी दोघी साइटवर त्यांच्याआधी नोंदल्या गेल्या होत्या.

"तीन?" काकू म्हणाल्या. "मी तिसरी कशी? मी १९८४ पासून सभासद आहे."

मी महापेला एका कंपनीत वेबसाइटचं काम करते. नंतर त्या ग्रंथालयाची साइट सुधारायला मदतही केली. लॉगिनच्या पानावर युजरनेम मागायचं की ईमेल, हा प्रश्न वरून क्षुल्लक दिसतो. आत शिरल्यावर कळतं की तो माणसाला ओळखायचं कसं, याचा प्रश्न आहे. म्हणून तो जरा सविस्तर मांडते.

युजरनेम आलं कुठून?

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीत एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायची सोय झाली. कोणाच्या फायली कोणत्या, हे संगणकाला कळावं म्हणून प्रत्येकाला एक ओळख आणि एक पासवर्ड मिळाला. अशा ठिकाणी माणसं मोजकी असतात, एकमेकांना ओळखतात आणि नावं देणारा एक जण असतो. तिथे छोटं टोपणनाव पुरतं.

घणसोलीच्या किंवा कोपरखैरण्याच्या गावठाणात जाऊन "पाटलांचं घर कुठे?" विचारून बघा. समोरचा विचारेल, कुठले पाटील? गावातल्या गावात लोकांना काम भागवता येतं, कारण त्यांना आळी माहीत असते, वडिलांचं नाव माहीत असतं. बाहेरून पत्र पाठवायचं असेल तर मात्र पूर्ण पत्ता लागतो. युजरनेम हे गावातल्या हाकेसारखं आहे. इंटरनेटवर त्याच हाकेला हजारो जण ओ देतात, मग साइट म्हणते की हे नाव घेतलेलं आहे, आणि आपण मागे आकडे चिकटवत बसतो.

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकी प्रोग्रामरने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठवताना मधे ॲटचं चिन्ह वापरलं. उजवीकडे घर, डावीकडे घरातला माणूस. त्या एका चिन्हाने हाकेचा पत्ता झाला. उजवीकडचा भाग जगात एकाचाच असतो आणि डावीकडचा त्या घरात एकाचाच, म्हणून अख्खा ईमेल एका वेळी जगात एकच असतो. शिवाय तो माणसाला आधीच पाठ असतो, दर साइटला नवीन शोधून काढावा लागत नाही. काकूंना स्वतःचा ईमेल तोंडपाठ आहे. मुलाने अमेरिकेला जाताना तो काढून दिला होता.

मग साइट युजरनेम का मागतात?

बऱ्याचदा कोणी ठरवलेलं नसतं म्हणून. आजकाल साइट कोणी शून्यातून लिहीत नाही, फ्रेमवर्क वापरतात. फ्रेमवर्क म्हणजे नळ, वायरिंग, जिना आधीच करून दिलेला इमारतीचा सांगाडा. भिंतींना रंग तुम्ही द्या, खोल्या तुम्ही मांडा, पण न्हाणीघराचा नळ कुठल्या भिंतीतून येणार हे आधी ठरलेलं असतं.

ग्रंथालयाची साइट जँगो नावाच्या फ्रेमवर्कवर होती. जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्रात झाला. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी ते घडवलं आणि २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यात सभासदांचा तक्ता तयारच मिळतो. त्या तक्त्यात युजरनेम सक्तीचं आहे, जास्तीत जास्त १५० अक्षरांचं, आणि दोघांचं सारखं चालत नाही. ईमेलचा रकाना आहे, पण तो रिकामा सोडला तरी चालतो आणि दोन माणसांचा ईमेल सारखा असला तरी तक्ता हरकत घेत नाही.

बातमीदार आणि संपादक यांच्यापुरतं हे ठीक आहे. रस्त्यावरून येणाऱ्या कोणालाही नोंदणी करू देणाऱ्या साइटला ते गैरसोयीचं आहे. आणि हा काही निसर्गनियम नाही. लारावेल हे फ्रेमवर्क सुरुवातीपासून ईमेलनेच लॉगिन करून देतं. रूबी ऑन रेल्स या आणखी एका फ्रेमवर्कवाले लॉगिनसाठी डिव्हाइज नावाचा जो जोड वापरतात, तोही आधी ईमेलच मागतो. म्हणजे काकूंचा तो ३ हा आकडा कोणीतरी सांगाडा जसा मिळाला तसाच ठेवला म्हणून आला.

बदलायचं कसं, आणि कधी

जँगोत तीन वाटा दिसतात. पहिली फसवी आहे, पण सर्रास वापरली जाते: युजरनेमच्या रकान्यातच ईमेल भरायचा. रकान्याला ॲट, टिंब, अधिक, वजा, अधोरेषा ही चिन्हं चालतात, त्यामुळे ते बसतंही. पण मग एकच गोष्ट दोन रकान्यांत राहते. उद्या सभासदाने ईमेल बदलला, एका रकान्यात बदलला गेला, दुसऱ्यात जुनाच राहिला, की लॉगिन जुन्याने आणि पत्रं नव्याला. जुन्या काळी हा रकाना फक्त ३० अक्षरांचा होता, तेव्हा लांब ईमेल त्यात मावतही नसे.

दुसरी वाट म्हणजे तक्ता तसाच ठेवून फक्त दारावरचा पहारेकरी बदलायचा. नाव-पासवर्ड तपासून आत सोडणाऱ्या कोडच्या तुकड्याला सांगायचं की युजरनेमऐवजी ईमेलच्या रकान्यात शोध. काम अर्ध्या दिवसाचं आहे. पण तक्ता दोन सारखे ईमेल चालवून घेतो, हे विसरून चालत नाही. एकाच ईमेलवर दोन नोंदी सापडल्या तर पहारेकऱ्याने कोणाला आत सोडायचं?

तिसरी वाट सरळ आहे. सभासदाचा तक्ता आपला स्वतःचा करायचा, त्यातून युजरनेम काढायचं, ईमेल सक्तीचा आणि एकमेव करायचा आणि फ्रेमवर्कला सांगायचं की ओळखीचा रकाना हा. २०१३ मध्ये आलेल्या जँगोच्या १.५ आवृत्तीपासून ही अधिकृत सोय आहे. नवीन सभासद घालणारा कोड युजरनेमची वाट बघत असतो, तेवढा पुन्हा लिहावा लागतो.

यातली खरी मेख वेळेची आहे. जँगोची माहितीपुस्तिका वर्षानुवर्षं सांगत आली आहे की नवीन काम सुरू करताना पहिल्याच दिवशी स्वतःचा तक्ता करा, तयार तक्त्याने भागत असलं तरी करा. कारण साइट चालू झाली की पुस्तकांची देवघेव, वर्गणी, दंड, राखीव पुस्तकं असे सगळे तक्ते सभासदांच्या तक्त्याला दोऱ्यांनी बांधले जातात. नंतर तो तक्ता बदलणं म्हणजे लोक राहत असताना इमारतीचा खांब बदलण्यासारखं आहे. जमतं, पण टेकू देत देत. मी नोकरीत हे काम दोनदा केलंय आणि दोन्ही वेळा मनात हेच आलं की सुरुवातीला दहा मिनिटं दिली असती तर पुरलं असतं.

कॅपिटल अक्षराने एका मुलीच्या दोन मुली केल्या

ठाण्यातल्या एका क्लासच्या साइटवर काही वर्षांपूर्वी मी काम करत होते. एका विद्यार्थिनीचे वडील रागावून आले. पहिला हप्ता भरलाय, पावती आहे, तरी साइट म्हणते फी बाकी. मी तक्ता उघडला. मुलगी तिथे दोनदा होती. ईमेल तोच, अक्षर न् अक्षर तेच, फक्त एका ओळीत पहिलं अक्षर कॅपिटल. एकदा नोंदणी घरच्या संगणकावरून झाली होती, दुसऱ्यांदा फोनवरून. फोनचा कीबोर्ड रकान्यातलं पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करतो. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी माणसं होती. पहिलीने पैसे भरले होते, दुसरीचे बाकी होते. वडिलांची काहीच चूक नव्हती आणि काउंटरवरची बाई त्यांना महिनाभर परत पाठवत होती.

नियम असा आहे की ॲटच्या उजवीकडे कॅपिटल-स्मॉल सारखंच. डावीकडे मात्र फरक मानायचा की नाही, हे पत्र घेणाऱ्या सर्व्हरने ठरवायचं. प्रत्यक्षात मोठ्या ईमेल सेवा फरक करत नाहीत. पण जँगो कागदावरच्या नियमाला धरून चालतो आणि फक्त उजवा भाग स्मॉल करतो. डावा भाग तुम्ही लिहाल तसा राहतो. म्हणून सगळा ईमेल स्मॉल करून तुलना करायची, आणि "एकदाच" ही अट फॉर्ममध्ये न ठेवता थेट डेटाबेसमध्ये, स्मॉल केलेल्या रूपावर घालायची. डेटाबेस म्हणजे हे सगळे तक्ते सांभाळणारी वही. फॉर्मची तपासणी पुरत नाही, कारण नेट हळू असलं की माणूस बटण दोनदा दाबतो. दोन्ही विनंत्या एकाच क्षणी तपासल्या जातात, दोघींना "असा कोणी नाही" असं उत्तर मिळतं आणि दोघी आत येतात. वहीच नाही म्हणाली, तर दुसरी बाहेर राहते.

यापुढे जाऊन जास्त हुशारी करू नये. जीमेल ॲटच्या आधीची टिंबं मोजत नाही, म्हणून काही जण सगळ्यांचीच टिंबं काढून टाकतात. दुसऱ्या सेवेत टिंब असलेला आणि नसलेला ही खरोखर दोन माणसं असू शकतात.

अक्षरांच्या तुलनेतला एक धोका मात्र गंभीर होता. जगातल्या काही लिपींमधली अक्षरं, उदाहरणार्थ तुर्की भाषेतला बिनटिंबाचा आय, कॅपिटल-स्मॉल करताना साध्या इंग्रजी अक्षराशी जुळतात. "पासवर्ड विसरलात?" या सोयीत कोणी असा जुळणारा पण वेगळा ईमेल टाकला, तर तुलना म्हणायची की सभासद सापडला, आणि नवा पासवर्ड ठेवायचा दुवा (लिंक) मात्र टाकलेल्या पत्त्यावर जायचा, म्हणजे चोराकडे. डिसेंबर २०१९ मध्ये जँगोने ही फट बुजवली. तेव्हापासून दुवा माणसाने टाकलेल्या पत्त्यावर न जाता वहीत नोंदलेल्या पत्त्यावर जातो. स्वतः कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे पाळायला हवं.

"पण ईमेल तर सगळ्यांना ठाऊक असतो"

ही शंका मला नेहमी विचारतात. ईमेल व्हिजिटिंग कार्डावर छापलेला असतो, मग अर्धं कुलूप उघडंच नाही का? नाही. युजरनेम कधीच गुपित नव्हतं. ते दारावरच्या पाटीसारखं आहे. कुलूप म्हणजे पासवर्ड, आणि त्याला जोडीला फोनवरचा ओटीपी असेल तर दोन कुलपं. पाटी लपवून घर सुरक्षित होत नाही.

तरी या शंकेत एक खरी गोष्ट आहे. एखाद्या साइटवरून ईमेल आणि पासवर्डांची यादी फुटली, की चोर त्याच जोड्या दुसरीकडे लावून बघतात. सगळीकडे एकच ईमेल असल्याने हे सोपं जातं. उपाय पासवर्ड प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवणं हाच. काकूंची डायरी या बाबतीत अनेकांच्या डोक्यापेक्षा चांगली आहे, फक्त ती घराबाहेर नेऊ नये.

दुसरी काळजी साइटवाल्यांनी घ्यायची आहे. "हा ईमेल आमच्याकडे नोंदलेला नाही" असं उत्तर देऊ नये, "ईमेल किंवा पासवर्ड चुकला" एवढंच म्हणावं. ग्रंथालयात कोणी सभासद आहे हे कळलं तर फारसं बिघडत नाही. पण मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्याची साइट असेल आणि कोणीही आपल्या सहकाऱ्याचा ईमेल टाकून तो तिथे येतो का हे तपासू शकत असेल, तर ते भयंकर आहे. जँगो इथे चांगली काळजी घेतो. असा सभासद नसला तरी पासवर्ड तपासण्याइतकंच काम उगाच करतो, म्हणजे उत्तर लवकर आलं की उशिरा, यावरूनही अंदाज बांधणं अवघड जातं.

आणि ईमेल लॉगिनपुरताच. पुस्तकाखाली अभिप्राय लिहिणाऱ्याचा ईमेल सगळ्यांना दिसता कामा नये. दाखवायला नावाचा वेगळा रकाना ठेवावा. तिथे एकाच नावाचे दहा जण असले तरी काही अडत नाही.

"आणि ईमेल बदलला तर?"

बदलतोच. ऐरोलीच्या कंपनीतली नोकरी सुटली की तिथला ईमेल त्याच संध्याकाळी बंद होतो. लग्नानंतर कोणी आडनाव बदलतं आणि नवा काढतं. २०१३ मध्ये याहूने वर्षभर न वापरलेली नावं काढून घेऊन दुसऱ्यांना द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे तोच ईमेल, पण मागचा माणूस वेगळा.

याला उत्तर सोसायटीच्या वहीत आहे. फ्लॅट विकला की दारावरची पाटी बदलते, फ्लॅट नंबर बदलत नाही. देखभालीचा हिशोब नंबरावर असतो, पाटीवर नसतो. साइटमध्येही प्रत्येक सभासदाला आतला एक क्रमांक मिळतो. तो सभासदाला दिसायची गरज नसते आणि तो कधी बदलत नाही. पुस्तकं, पावत्या, दंड सगळं त्या क्रमांकाला बांधायचं. ईमेल फक्त पाटी. माझा सगळ्यात जास्त आग्रह या एका गोष्टीचा आहे. ईमेल दारावर हवा, हिशोबाच्या वहीत ओळख म्हणून नको.

हे जमलं की "ईमेल बदला" ही सोय सोपी होते. नव्या पत्त्यावर दुवा पाठवायचा, तो दाबल्याशिवाय बदल करायचा नाही, आणि जुन्या पत्त्यावरही कळवायचं, म्हणजे कोणी परस्पर बदलत असेल तर मालकाला समजेल.

ज्यांच्याकडे स्वतःचा ईमेल नाही

आपल्याकडची खरी अडचण ही आहे आणि परदेशी माहितीपुस्तिकांमध्ये ती सापडत नाही. कितीतरी लोकांचे फॉर्म स्टेशनबाहेरच्या सायबर कॅफेत भरले जातात. ईमेल विचारला की भरणारा मुलगा स्वतःचा टाकतो, कारण मागे रांग असते. पुढे त्या माणसाचा पासवर्ड विसरला, की दुवा त्या मुलाच्या इनबॉक्समध्ये जातो. ज्याच्या हातात इनबॉक्स, त्याच्या हातात खातं. म्हणून नोंदणीच्या वेळी दुवा पाठवून, तो दाबल्यावरच ईमेल पक्का धरायचा. निदान तेव्हा तरी लक्षात येतं की हा ईमेल आपला नाही.

मग मोबाइल नंबर का नको? बहुतेकांना तोच जवळचा वाटतो आणि ओटीपीची सवयही आहे. पण बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. तोही पाटीच आहे, तसाच वागवला तर चालतो.

नवरा-बायकोचा एकच ईमेल असणारी घरंही आहेत. "ईमेल एकदाच" ही अट त्यांच्यातल्या एकाला बाहेर ठेवते. ग्रंथालयाकडे यावर तयार उत्तर होतं: सभासद क्रमांक. तो कार्डावर छापलेला असतो आणि संस्थेनेच दिलेला असतो. बँकेचा ग्राहक क्रमांकही तसाच. युजरनेम त्रासाचं होतं ते माणसाला स्वतः शोधून काढायला लावल्यावर. खिशातल्या कार्डावर असेल तर ते चांगलंच आहे.

चालू साइटचं आम्ही काय केलं

आधी फक्त यादी काढली. स्मॉल करून पाहिल्यावर दुबार निघणारे ईमेल, रिकामे ईमेल आणि एकाच ईमेलवरचे पाचपेक्षा जास्त सभासद. ती शेवटची रांग बहुतेक कॅफेवाल्यांची निघाली. काउंटरवरच्या मुलाने दोन आठवडे बसून एकेकाला फोन केले. कोडपेक्षा हेच काम मोठं होतं आणि ते त्याने फार मनापासून केलं. मग डेटाबेसची प्रत बाजूला काढून, एका रात्री, सभासदांच्या तक्त्याला अट घातली. आधीचा तक्ता पूर्ण बदलला नाही, दोऱ्या फार होत्या. पहारेकरी बदलला: ईमेल किंवा सभासद क्रमांक, दोन्ही चालतील. जुनं युजरनेम सहा महिने चालू ठेवलंय, पाठ झालेल्यांची गैरसोय नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी काकूंना दाखवलं. त्यांनी स्वतःच ईमेल टाकला, पहिलं अक्षर फोनने कॅपिटल केलं, तरी आत गेल्या. साइटवरून राखून ठेवलेली पुस्तकं, वर्गणीच्या पावत्या, सगळं जागच्या जागी होतं. वर त्यांचं नाव मराठीत, आणि त्याखाली आम्ही मुद्दाम घातलेली एक ओळ: सभासद, १९८४ पासून.